दोन छोट्या विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ कसा काढायचा

अंतर भागिले वेग म्हणजे वेळ. शाळेतलं हे सूत्र घेऊन मी पहिल्यांदा एका जवळच्या विमानमार्गाचा हिशेब मांडला, तेव्हा उत्तर आलं पंचवीस मिनिटं. वेळापत्रक उघडलं तर तिथे पाऊण तास. आधी वाटलं वेळापत्रकच चुकलंय. मग वाटलं आपला गुणाकार चुकलाय. दोन्ही बरोबर होतं. चूक एवढीच होती, की जवळच्या मार्गावर विमानाचा निम्मा वेळ अंतर कापण्यात जातच नाही, हे मला ठाऊक नव्हतं.

लांबच्या प्रवासात हा फरक लपून जातो. दहा तासांच्या उड्डाणात वीस मिनिटं इकडे तिकडे झाली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. दोन प्रादेशिक विमानतळांमधलं दोनशे-तीनशे किलोमीटरचं उड्डाण असेल तर मात्र तीच वीस मिनिटं सगळा हिशेब बदलून टाकतात. म्हणून छोट्या मार्गांसाठी पद्धत थोडी वेगळी लागते. कागद, पेन्सिल आणि फोनमधला कॅल्क्युलेटर एवढं पुरे.

पायरी १: विमानतळ नक्की कोणते?

ही पायरी हास्यास्पद वाटेल, पण सर्वांत मोठ्या चुका इथेच होतात. गावाच्या नावावर विसंबू नका, कोडवर विसंबा. प्रत्येक विमानतळाला दोन कोड असतात. तिकिटावर आणि बॅगेच्या पट्टीवर दिसतो तो तीन अक्षरी आयाटा कोड. वैमानिक आणि हवाई नियंत्रक वापरतात तो चार अक्षरी आयकाओ कोड. अगदी छोट्या धावपट्ट्यांना कधी कधी फक्त दुसराच असतो.

सिडनी म्हटलं की ऑस्ट्रेलिया डोळ्यांसमोर येतो, त्याचा कोड एसवायडी. पण कॅनडात नोव्हा स्कॉशियामध्येही एक सिडनी आहे, कोड वायक्यूवाय. चुकीचं तिकीट काढून या दुसऱ्या सिडनीत उतरलेले प्रवासी खरोखर आहेत. पोर्टलंड अमेरिकेतच दोन आहेत, एक ओरेगनमध्ये आणि एक मेनमध्ये, म्हणजे देशाच्या दोन टोकांना. सॅन होजे कॅलिफोर्नियातही आहे आणि कोस्टा रिकातही.

दुसरी गफलत अशी की विमानतळाच्या नावात शहर असतं, पण शहरात विमानतळ नसतो. पॅरिसच्या नावाने विकला जाणारा बोव्हे विमानतळ पॅरिसपासून सुमारे ८५ किलोमीटरवर आहे. फ्रँकफर्टचं नाव लावणारा हान विमानतळ तर शहरापासून सव्वाशे किलोमीटरच्या घरात. नेटवर ‘दोन शहरांमधलं अंतर’ शोधलंत तर ते शहरांच्या मध्यबिंदूंमधलं मिळेल. हजार किलोमीटरच्या मार्गावर ते खपून जातं, दीडशेच्या मार्गावर नाही.

पायरी २: अक्षांश-रेखांश

कोड पक्के झाले की दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश लिहून काढा. ते दोन तऱ्हांनी दिलेले असतात: अंश-मिनिटांत किंवा दशांशात. ६९ अंश ४१ मिनिटं म्हणजे ६९.४१ नव्हे. एका अंशात ६० मिनिटं असतात, म्हणून ४१ ला ६० ने भागायचं, आणि येतात ६९.६८ अंश. हे विसरलात तर एकाच आकड्यात तीस किलोमीटरची चूक होते. मी ती केलेली आहे, आणि नकाशावर विमानतळ एका डोंगराच्या पलीकडे जाऊन बसल्यावर ती कळली. विषुववृत्ताच्या दक्षिणेला आणि ग्रीनिचच्या पश्चिमेला असाल तर आकड्याआधी उणे चिन्ह लावायचं.

पायरी ३: अंतर

विमानाचं जग नॉटिकल मैलात चालतं, आणि त्यामागे सोय आहे. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे जवळपास एक नॉटिकल मैल. एक अंश म्हणजे ६०. नेमकं माप १,८५२ मीटर ठरलेलं आहे. त्यामुळे उत्तर-दक्षिण अंतर तर नुसत्या वजाबाकीने मिळतं.

पूर्व-पश्चिम अंतराचं तसं नाही. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाता जाता एकमेकींच्या जवळ येतात. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटर भरतो, ६० अंशांवर तो निम्मा होतो, आणि ध्रुवावर शून्य. म्हणून रेखांशातल्या फरकाला त्या जागेच्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणावं लागतं.

एक उदाहरण घेऊ. उत्तर नॉर्वेतला ट्रोम्सो विमानतळ ६९ अंश ४१ मिनिटं उत्तर, १८ अंश ५५ मिनिटं पूर्व असा आहे. हामरफेस्ट ७० अंश ४१ मिनिटं उत्तर, २३ अंश ४० मिनिटं पूर्व. हे उदाहरण मुद्दाम घेतलंय, कारण अक्षांशातला फरक बरोबर एक अंश येतो, म्हणजे ६० नॉटिकल मैल. रेखांशातला फरक ४ अंश ४५ मिनिटं, म्हणजे २८५ मिनिटं. कोसाइन विसरून हे थेट मैल धरलेत तर पूर्व-पश्चिम अंतर ५२८ किलोमीटर येईल. पण इथला सरासरी अक्षांश सत्तरच्या थोडा वर आहे आणि त्याचा कोसाइन ०.३३९. गुणाकार केला की उरतात जेमतेम ९७ नॉटिकल मैल, म्हणजे १७९ किलोमीटर.

आता काटकोन त्रिकोण. एक बाजू ६०, दुसरी ९७. वर्ग करून बेरीज, त्याचं वर्गमूळ: ११४ नॉटिकल मैल. किलोमीटरसाठी १.८५२ ने गुणा, सुमारे २१०.

सपाट कागदावरचं पायथागोरसचं प्रमेय गोल पृथ्वीवर कसं चाललं, असा प्रश्न पडला असेल तर पडायलाच हवा. चारपाचशे किलोमीटरपर्यंत पृथ्वीचा गोलावा एवढा थोडा असतो, की चूक नगण्य राहते. त्यापुढे मात्र बृहद्वृत्ताचं अंतर काढायचं. पृथ्वीच्या पृष्ठभागावरून दोन बिंदूंना जोडणारा सर्वांत आखूड मार्ग तो बृहद्वृत्ताचा. त्याचं हॅव्हरसाइन नावाचं सूत्र आहे, त्यात पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरतात. ते हाताने करण्यात काही पुरुषार्थ नाही. दोन कोड टाकले की अंतर देणारी कॅल्क्युलेटरं नेटवर भरपूर आहेत. पण एकदा हाताने केलंत तर त्यांचं उत्तर बघून ‘हे पटत नाही’ म्हणण्याइतका अंदाज येतो, आणि तो फार कामाचा असतो.

उत्तर कुठल्या मैलात आहे तेही बघा. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा, नॉटिकल मैल १.८५२ चा. आपले ११४ नॉटिकल मैल म्हणजे १३१ साधे मैल. नुसतं ‘मैल’ लिहिलेलं असलं की सावध व्हा.

हे सरळ अंतर नुसतं कुतूहलापुरतं नसतं. युरोपियन युनियनच्या २६१/२००४ या नियमात उशीर किंवा रद्द उड्डाणाच्या भरपाईचे टप्पे अंतरावर ठरतात. पहिला टप्पा १,५०० किलोमीटरपर्यंतचा, आणि अंतर मोजायचं ते बृहद्वृत्ताने. विमान बदलत वाकड्या वाटेने गेलात तरी मोजमाप पहिल्या विमानतळापासून शेवटच्या विमानतळापर्यंत सरळच.

पायरी ४: विमान कुठलं

तिकीट बघताना विमानाचा प्रकार बारीक अक्षरात लिहिलेला असतो. बहुतेक जण तिकडे बघत नाहीत, आपण बघायचं. एटीआर ७२ हे पंख्याचं म्हणजे टर्बोप्रॉप विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास उडतं. डॅश ८ च्या ४०० या मोठ्या आवृत्तीचा वेग साडेसहाशेच्या घरात. तिच्याच जुन्या, छोट्या आवृत्त्या एटीआरसारख्याच पाचशेच्या आसपास. एम्ब्राएर १९० किंवा एअरबस ए३२० ही जेट विमानं ८३० च्या आसपास. वेळापत्रकात कधी नुसते आखूड कोड दिसतात: एटी७ म्हणजे एटीआर ७२, डीएच४ म्हणजे डॅश ८-४००, ई९० म्हणजे एम्ब्राएर १९०.

हे सगळे आकडे वर गेल्यावरच्या सरळ उड्डाणाचे आहेत. विमान त्या वेगात किती वेळ असतं, हाच तर खरा प्रश्न आहे.

पायरी ५: वेळ

ट्रोम्सो-हामरफेस्टचंच उड्डाण उलगडून बघू. समजा छोटं टर्बोप्रॉप विमान आहे आणि ते १५,००० फुटांवर जाणार आहे. एवढ्या आखूड मार्गावर २५,००० फूट गाठण्यात अर्थ नसतो, वर पोचेपर्यंत उतरायची वेळ होते.

मिनिटाला सरासरी १,२०० फुटांनी चढलं तर वर जायला साडेबारा मिनिटं. चढताना वेग कमी असतो, तेवढ्या वेळात चाळीसएक नॉटिकल मैल सरतात. उतरायचा वैमानिकांचा जुना आडाखा आहे: दर हजार फुटांना तीन नॉटिकल मैल. म्हणजे १५,००० फुटांवरून उतरायला ४५ मैल आधी सुरुवात करावी लागते. चाळीस आणि पंचेचाळीस झाले पंच्याऐंशी. एकूण अंतर ११४. वर सरळ उडायला उरले किती? एकोणतीस मैल. जेमतेम सात मिनिटं! ज्या वेगाने आपण सगळं अंतर भागत होतो, त्या वेगात विमान असतं सातच मिनिटं.

उतरण्याचे अकरा मिनिटं धरा, धावपट्टीच्या दिशेत येऊन टेकेपर्यंतचे चार. हवेतला वेळ झाला पस्तीस मिनिटांच्या आत-बाहेर. सुटताना धावपट्टीपर्यंत जायला पाच मिनिटं, उतरल्यावर उभं राहायला तीन. एकूण सुमारे ४३ मिनिटं.

वेळापत्रकातला वेळ हा असा चाकाखालचे ठोकळे काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतचा असतो. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. हवेतला वेळ वेगळा. दोघांची गल्लत केली की ‘विमान वेळेआधी पोचलं’ किंवा ‘उशिरा पोचलं’ यावर उगाच वाद होतात.

दर वेळी एवढी उस्तवार कोण करणार? म्हणून माझा आडाखा असा. टर्बोप्रॉपसाठी किलोमीटरमधलं अंतर भागिले ४८०, येतील ते तास, त्यात १८ मिनिटं मिळवा. जेटसाठी अंतर भागिले ८००, त्यात ३० ते ३५ मिनिटं मिळवा. २१० किलोमीटरला टर्बोप्रॉपचं उत्तर येतं ४४ मिनिटं, म्हणजे वरच्या लांबलचक हिशेबाच्या मिनिटभर पुढे.

हाच आडाखा दोन्ही विमानांना लावून बघा, एक गंमत दिसते. २०० किलोमीटरला टर्बोप्रॉप ४३ मिनिटं घेतं, जेट ४५ ते ५०. वेगवान विमान मागे! ८०० किलोमीटरला जेट दीड तासाच्या थोडं वर, टर्बोप्रॉप जवळजवळ दोन तास. आखूड मार्गांवर पंख्याची विमानं टिकून आहेत, त्यात त्यांच्या कमी इंधनाचा वाटा आहेच, पण वेगात ती तिथे फारशी हरतही नाहीत.

विमानतळ मोठा आणि गजबजलेला असेल तर जमिनीवरचा वेळ वाढवा. एका टोकाला मोठं केंद्र असेल तर मी दहा मिनिटं डोळे मिटून जास्त धरतो. उलट टोकालाही आडाखा मोडतो. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमधलं वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे अंतर जेमतेम २.७ किलोमीटर आहे. वेळापत्रकात त्याला दोन मिनिटं दिलेली आहेत, आणि वारा मागून असताना हे उड्डाण ५३ सेकंदांत झाल्याची नोंद आहे. आमचा आडाखा तिथे अठरा मिनिटं सांगेल. चिमुकलं विमान, रिकामी धावपट्टी आणि मध्ये कुणी नाही, तिथे आडाख्याने गप्प बसावं.

पायरी ६: वारा

विमानाचा वेग हवेच्या तुलनेत असतो, आणि हवा स्वतःच वाहत असते. जेट विमानं उडतात त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारे जेट स्ट्रीम नावाचे जोरदार प्रवाह असतात. टर्बोप्रॉप खाली उडतं म्हणून त्यांच्या मुख्य धारेत सहसा सापडत नाही. पण त्याचा वेगच कमी, त्यामुळे मिळेल तो वारा त्याला जास्त बोचतो. समोरून ५० नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल) वारा असेल तर ४५० नॉटच्या जेटचा नववा हिस्सा वेग जातो, २७० नॉटच्या टर्बोप्रॉपचा जवळजवळ पाचवा.

नव्या माणसाची हमखास समजूत असते की जाताना जेवढं गमावलं तेवढं येताना मिळतं, म्हणजे हिशेब फिटला. तो फिटत नाही. ५०० किलोमीटर अंतर, ताशी ५०० चा वेग, वारा १०० चा घ्या. वाऱ्याविरुद्ध ७५ मिनिटं, वाऱ्याबरोबर ५०. बेरीज १२५. वारा नसता तर १२०. विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं, म्हणून तोटा नेहमी मोठा.

हवामानाच्या अहवालात वाऱ्याची दिशा म्हणजे तो जिकडून येतो ती दिशा. २७० लिहिलं असेल तर वारा पश्चिमेकडून येतोय. विमान वाऱ्याला तोंड देऊन उडतं आणि उतरतं, त्यामुळे त्या दिवशी धावपट्टीचं कुठलं टोक वापरात आहे यावरही दोनचार मिनिटं फिरतात. मार्गाच्या सरळ पलीकडच्या टोकाला उतरायचं असेल तर विमानतळाला वळसा पडतो.

पायरी ७: घड्याळं

वेळापत्रकात सुटण्याची वेळ सुटणाऱ्या गावाची, पोचण्याची वेळ पोचणाऱ्या गावाची. सरळ वजाबाकी करायची नाही. दोन्ही वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत बदला आणि मग वजा करा.

एकाच देशात असल्याने हा घोळ होणार नाही, असं समजू नका. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्य उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतं, शेजारचं क्वीन्सलंड करत नाही. सिडनीहून गोल्ड कोस्टला जायला साधारण एक तास वीस मिनिटं लागतात. उन्हाळ्यात सिडनीहून नऊला सुटलेलं विमान तिथल्या घड्याळात नऊ वीसला पोचतं, आणि येताना नऊला सुटलेलं सिडनीच्या घड्याळात अकरा वीसला. गोल्ड कोस्ट विमानतळाची धावपट्टी तर या दोन राज्यांच्या सीमेवरूनच जाते. विमानतळाचं घड्याळ क्वीन्सलंडचं चालतं, म्हणून बरं.

पायरी ८: विमान खरंच थेट जातं का

आतापर्यंतचा सगळा हिशेब ‘जात असेल तर’ या अटीवर होता. दोन छोट्या विमानतळांमध्ये थेट विमान असेलच असं नाही. बहुतेक वेळा आधी मोठ्या केंद्रावर जायचं, तिथून दुसरं विमान पकडायचं. मग अंतर दोन तुकड्यांत मोजा, वेळही दोनदा काढा, आणि मध्ये थांबण्याचा वेळ मिळवा. उतरणं, चढणं, धावपट्टीवरची वाटचाल, सगळा ठरलेला वेळ दोनदा भरावा लागतो. दोनशे किलोमीटरवरच्या गावाला पोचायला चार तास लागतात ते असे.

‘डायरेक्ट’ आणि ‘नॉन-स्टॉप’ हे शब्दही एक नव्हेत. डायरेक्ट म्हणजे उड्डाण क्रमांक तोच राहतो, वाटेत विमान उतरू शकतं. नॉन-स्टॉप म्हणजे मध्ये कुठेच नाही. उत्तर नॉर्वेतल्या फिनमार्क भागात छोटी विमानं एस.टी.सारखी वाटेतल्या धावपट्ट्यांवर थांबत थांबत जातात. त्याच मार्गावर एका उड्डाणाला पाऊण तास आणि दुसऱ्याला दीड तास दिसला, तर थांबे मोजा.

वारही बघून घ्या. छोट्या मार्गांवर रोज विमान असतंच असं नाही. वेळापत्रकात १ ते ७ आकडे असतील तर १ म्हणजे सोमवार. आणि वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. जूनमध्ये पाहिलेलं उड्डाण डिसेंबरमध्ये नसेल तर नवल नाही.

शेवटी ताडून बघा

काढलेलं उत्तर खऱ्या उड्डाणांशी लावून बघायचं. उड्डाणांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर त्या क्रमांकाची मागच्या आठवडाभराची उड्डाणं मिळतात. ठरलेला वेळ आणि प्रत्यक्ष हवेतला वेळ दोन्ही बघा. एकाच दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका, पाचसहा दिवसांचे घ्या आणि मधला धरा. वेळापत्रकाचा वेळ बहुधा थोडा सैल ठेवलेला असतो. तुमचं उत्तर त्याच्या पाच-सात मिनिटं आत आलं तर ते बरोबर आहे. वीस मिनिटांचा फरक असेल तर आधी कोड तपासा, मग घड्याळं, मग थांबे. माझ्या अनुभवात दोष या क्रमानेच सापडतो.

रस्त्याशी तुलना करायची असेल तर विमानतळावर जाणं, आधी पोचून थांबणं, सामान घेऊन बाहेर पडणं हे सगळं मिळवा. पाऊण तासाच्या उड्डाणाचे दारापासून दारापर्यंत तीन तास सहज होतात. जमीन सपाट आणि रस्ता सरळ असेल तर दोनशे किलोमीटरला गाडी बरी पडते. ट्रोम्सो आणि हामरफेस्ट ही दोन्ही गावं मात्र बेटांवर आहेत, मध्ये समुद्राच्या खोल शिरलेल्या खाड्या, आणि रस्ता प्रत्येक खाडीला वळसा घालत सरळ अंतराच्या दुपटीहून लांब होतो. तिथे विमान.

हिवाळ्यात त्या भागात गेलात तर परतीसाठी दिवसातलं शेवटचं उड्डाण घेऊ नका. वाऱ्यामुळे ते रद्द झालं तर थेट दुसरा दिवस उजाडतो.